शिट्टी ही अमानत आहे

रविवारी फज्रची नमाज झाली की आमच्या घरात दोन पिशव्या दाराशी येतात. एक बाजारहाटाची, ती तिच्या अब्बांची. दुसरी आमच्या थोरल्या लेकीची. या दुसऱ्या पिशवीत दोन शिट्ट्या असतात, कारण ऐन वेळी एक बिघडली तर दुसरी हवी. दोन घड्याळे असतात, त्यांतले एक खेळ थांबला की थांबवायचे. लाल आणि पिवळे कार्ड, खिशात मावेल अशी वही, पेन्सिलीचा तुकडा, नाणेफेकीचे नाणे, दोन रंगांचे शर्ट आणि काळा स्पोर्ट्स हिजाब. शेजारच्या खाला अजूनही विचारतात, "पोरगी फुटबॉल खेळते का हो?" आम्ही सांगतो, "खेळत नाही, खेळवते. ती रेफरी आहे."

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिने जिल्हा पातळीची रेफरीची परीक्षा दिली. तेव्हा आम्हाला वाटले होते, एक हौस आहे, सुटेल. सुटली नाही. आता ती पुढच्या पायरीची, म्हणजे राज्य पातळीची तयारी करते आहे. या तयारीत तिच्या बरोबरीने आम्हीही ओढले गेलो. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारखीला फुटबॉलचे कायदे पाठ होतील असे कुणी सांगितले असते तर हसू आले असते. पण या कायद्यांनी आमच्या घरात एक असा प्रश्न उभा केला की त्याचे उत्तर शोधताना वीस वर्षे वर्गात सांगितलेली एक गोष्ट आम्हाला नव्याने वाचावी लागली. म्हणून हा लेख.

पायऱ्या किती आणि कशा

बऱ्याच वाचकांना वाटते की मैदानात जो शिट्टी वाजवतो तो आयोजकांच्या ओळखीचा कुणीतरी माणूस असतो. गल्लीतल्या सामन्यात तसे असेलही. पण रीतसर रेफरी होण्याची एक शिडीच आहे. सर्वांत खाली जिल्हा पातळी. आपल्याकडे हे काम मुंबई फुटबॉल असोसिएशन पाहते. त्यावर राज्य पातळी. महाराष्ट्राची संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, जिला सगळे 'विफा' म्हणतात. त्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे राष्ट्रीय रेफरी, त्यांतही दुसरी श्रेणी आणि पहिली श्रेणी. आणि शिखरावर फिफाचा बिल्ला. हा बिल्ला कायमचा मिळत नाही, दरवर्षी नवी यादी निघते. मुख्य रेफरीसाठी किमान वय 25, साहाय्यक रेफरीसाठी 23.

हे शिखर आपल्या माणसांना अगदीच अनोळखी नाही. 2002 च्या विश्वचषकात के. शंकर हे भारतीय साहाय्यक रेफरी झेंडा घेऊन उभे होते. शेजारच्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस 2016 मध्ये जॉर्डनला मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकात साहाय्यक रेफरी होत्या. आमच्या लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर त्यांचे कात्रण चिकटवलेले आहे.

आपल्या समाजालाही या खेळाची जुनी ओळख आहे. मुंबईच्या रोव्हर्स कपवर वर्षानुवर्षे गोऱ्या पलटणींची नावे कोरली जात होती. 1937 साली तो कप बंगलोर मुस्लिम्स या भारतीय संघाने जिंकला. ज्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 ला आशियाई सुवर्णपदके मिळवली ते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर होते. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट आम्ही जरा जास्तच अभिमानाने सांगतो.

प्रत्येक पायरीला लेखी परीक्षा, तोंडी प्रश्न, मैदानातले प्रत्यक्ष काम आणि धावण्याची चाचणी असते. एकात पास आणि एकात नापास, म्हणजे नापासच.

कायद्याचे पुस्तक आणि जेवणाचे टेबल

फुटबॉलचे कायदे सतरा. ऐकायला थोडे वाटतात, पण प्रत्येकाच्या पोटात शंभर गोष्टी. गोलच्या दोन खांबांमध्ये अंतर 7.32 मीटर, आडव्या दांडीची उंची 2.44 मीटर, पेनल्टीचा ठिपका 11 मीटरवर, फ्री किकच्या वेळी समोरच्यांनी 9.15 मीटर दूर उभे राहायचे. हे आकडे पाठ करणे सोपे. अवघड असते ती भाषा. पुस्तक इंग्रजीत, आमची लेक दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. कॉलेजात इंग्रजी सुधारले, तरी कायद्याचे इंग्रजी वेगळेच. एका शब्दाने निकाल बदलतो.

तेव्हा आम्ही एक वही केली. डाव्या बाजूला कायद्यातला शब्द, उजवीकडे उर्दू आणि मराठी. बाराव्या कायद्यात धक्क्याच्या तीन पायऱ्या आहेत: केअरलेस, रेकलेस आणि एक्सेसिव्ह फोर्स. पहिल्यात नुसती फ्री किक, दुसऱ्यात पिवळे कार्ड, तिसऱ्यात लाल. लेक म्हणाली, "अम्मी, तिन्ही शब्द सारखेच वाटतात." आम्ही तिला लोकल गाडीत नेऊन उभे केले, अर्थात कल्पनेने. अंधेरीला चढताना तुमचा पाय कुणाच्या पायावर पडला, लक्ष नव्हते, ही बेफिकिरी. समोर म्हातारी उभी आहे हे दिसत असून तुम्ही खांदा घालून आत घुसलात, तिला लागेल याची पर्वा केली नाही, ही बेपर्वाई. आणि जागेसाठी कुणाला जीव खाऊन ढकलले, पडून हाडही मोडू शकले असते, तो तिसरा प्रकार. त्या दिवसापासून तिला ते तीन शब्द कधी अडले नाहीत. मग आम्हीच विचारात पडलो की रोज लोकलमध्ये आमच्या वाट्याला किती पिवळी कार्डे आली असती.

ऑफसाइडचा कायदा आम्ही मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या मांडून शिकलो. हळदीची वाटी गोलकीपर, जिऱ्याची बचावपटू, मोहरीची पुढे पळालेला खेळाडू. समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात जो खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे असतो, तो ऑफसाइडच्या जागेत असतो. इथवर सगळ्यांना माहीत असते. पण कायदा पुढे म्हणतो की त्या जागेत असणे हा काही गुन्हा नाही. आपल्या साथीदाराने चेंडू मारल्यावर त्याने तो खेळला, कुणाच्या आड आला किंवा त्या जागेचा फायदा उचलला, तरच शिट्टी वाजते. शिवाय गोल किक, थ्रो इन आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतेच. वाट्या सरकवता सरकवता धाकटाही तयार झाला. आता टीव्हीवर सामना चालू असला की तो समालोचकाच्या आधी निकाल देतो.

कायदे दरवर्षी थोडे बदलतात आणि नवे कायदे 1 जुलैपासून लागू होतात. हे ठरवणारे मंडळ 1886 सालचे. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचे एकेक मत आणि फिफाची चार, अशी आठ मते. बदलाला किमान सहा लागतात. पूर्वी गोलकीपरने सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला तर इनडायरेक्ट फ्री किक होती. 2025 च्या हंगामापासून आठ सेकंदांची मुभा झाली, पण त्यापुढे गेला तर समोरच्यांना कॉर्नर. लेकीने जुनी ओळ खोडून नवी लिहिली आणि म्हणाली, "परीक्षेत जुने उत्तर लिहिले तर गेले."

आणि ही कार्डे कुठून आली? तीही एका शाळामास्तरांचीच देणगी. इंग्लंडचे केन ॲस्टन शाळेचे मुख्याध्यापक आणि मोठे रेफरी. 1962 च्या विश्वचषकात चिली आणि इटली यांचा जो सामना मारामारीने गाजला, त्यात शिट्टी त्यांच्याच तोंडात होती. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिनाच्या सामन्यात कुणाला ताकीद मिळाली हे खेळाडूंनाच नीट कळले नव्हते, भाषेची अडचण. लंडनच्या रस्त्यावर सिग्नलला गाडी थांबली असताना ॲस्टनना सुचले: पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे आली. भाषा न कळणाऱ्या मुलाला कसे समजवायचे, हा शिक्षकाचा रोजचा प्रश्न असतो. उत्तर शिक्षकालाच सुचले याचे आम्हाला नवल वाटले नाही.

डोक्यावरचे कापड

आमच्या नात्यात पहिला प्रश्न हाच आला. हिजाब घालून कसे चालेल? हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत तो खराच होता. फिफाच्या सामन्यांत डोके झाकायला मनाई होती. 2011 मध्ये इराणच्या मुलींचा संघ ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यासाठी जॉर्डनला पोहोचला आणि याच कारणाने त्यांना खेळता आले नाही. 2012 मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि 2014 मध्ये कायद्यातच जागा झाली. आता चौथा कायदा सांगतो की डोक्यावरचे आवरण काळे किंवा शर्टाच्या मुख्य रंगाचे असावे, शर्टाला जोडलेले नसावे, त्यातून इजा होऊ नये आणि त्याचा कोणताही भाग बाहेर लोंबू नये.

म्हणजे टाचणी नको, लोंबता पदर नको. पहिले दोन हिजाब आम्ही घरीच शिवले. होजियरीचे कापड भर उन्हात अंगाला चिकटून बसायचे, पोरगी घामाने बेजार. मग ताणले जाणारे, लवकर वाळणारे कापड शोधले आणि गळ्याशी शिवण थोडी सैल ठेवली. ज्या बहिणींना मुलींसाठी शिवायचे असेल त्यांनी कानावरची पट्टी फार घट्ट करू नये. मैदानात साहाय्यकाची हाक ऐकू यावी लागते.

2023 च्या महिला विश्वचषकात पॅलेस्टाईनच्या हिबा सादिया हिजाब घालून साहाय्यक रेफरी म्हणून मैदानात उतरल्या. विश्वचषकात पंचगिरी करणाऱ्या त्या पहिल्या पॅलेस्टिनी. जावाहिर रोबल ही सोमालियातल्या यादवीतून लहानपणी ब्रिटनला आलेली मुलगी तिथे हिजाब घालून पुरुषांचेही सामने खेळवते. सगळीकडे असे नाही. फ्रान्सच्या फुटबॉल संघटनेची बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 2023 मध्ये कायम ठेवली. आपल्या मुंबईत मात्र आमच्या लेकीला मैदानावर कपड्यावरून कुणी अडवले नाही. तिच्या निकालांवरून पुष्कळांनी अडवले, ते पुढे सांगते.

सत्तर आणि पाच मीटर

लेखीत ती पास होईल याची आम्हाला खात्री होती. भीती होती ती धावण्याची. चाचणीचे दोन भाग. आधी 40 मीटरच्या सहा धावा, मध्ये फक्त एक मिनिट विश्रांती. त्यानंतर 75 मीटर पळायचे, 25 मीटर चालायचे, पुन्हा 75 पळायचे, पुन्हा 25 चालायचे, असे चाळीस वेळा. हिशेब केला तर 400 मीटरच्या मैदानाला पूर्ण दहा फेऱ्या. फिफाच्या महिला रेफरींना 40 मीटर 6.4 सेकंदांत, 75 मीटर 17 सेकंदांत आणि मधले 25 मीटर चालणे 20 सेकंदांत पूर्ण करावे लागते. खालच्या पायऱ्यांवर सेकंद थोडे सैल असतात, दमछाक तेवढीच. इशाऱ्याची शिट्टी वाजेपर्यंत पाय रेषेत पडला नाही तर एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर.

फज्रनंतर ओशिवऱ्याच्या बाजूला एका मैदानात तिने सराव सुरू केला. तिचे अब्बा पाण्याच्या बाटल्या मांडून 75 मीटरच्या खुणा करायचे, आम्ही मोबाइलवर सेकंद मोजायचो. सकाळी फिरायला येणारे काका-काकू आधी बघत राहायचे, नंतर "आज किती झाल्या?" असे विचारू लागले. रमजानात वेळ बदलली. तरावीहनंतर अर्धा तास, इमारतीच्या आवारात नुसते छोटे स्प्रिंट. रोज्यात दिवसा पळण्याचा हट्ट आम्ही करू दिला नाही. शरीरही अमानत आहे.

ईदनंतर चाचणी झाली. चाळीस मीटरच्या सहाही धावा निघाल्या. दुसऱ्या भागात एकतिसाव्या फेरीला पहिली ताकीद आली, चौतिसाव्याला दुसरी. कुंपणाबाहेरून आम्हाला एवढेच दिसले की ती थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि मग स्वतःच चालत रेषेबाहेर आली. सहा फेऱ्या राहिल्या होत्या. परतताना मेट्रोत ती काही बोलली नाही. घाटकोपरच्या गर्दीत हात धरून उतरताना म्हणाली, "अम्मी, मी पहिल्या दहा फेऱ्या फार जोरात पळाले. वेळ शिल्लक होती, तरी पळाले." रडली ती घरी आल्यावर, दार लावून.

आता ती वेग राखून पळायला शिकते आहे. लवकर पोहोचण्याला इथे गुण नाहीत, वेळेत आणि चाळीस वेळा पोहोचण्याला आहेत.

त्या फायनलची गोष्ट

चाचणीच्या काही महिने आधीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका स्पर्धेची फायनल होती. लेक तिथे साहाय्यक म्हणून, रेषेवर झेंडा घेऊन उभी राहणार होती. मुख्य रेफरी वाहतुकीत अडकले आणि येऊ शकले नाहीत. आयोजक तिच्याकडे वळले, "तूच घे." एका बाजूला आमच्या मोहल्ल्याचा संघ. त्या संघात तिच्या फुफीचा मुलगा, म्हणजे आमच्या नणंदेचा लेक, बचावपटू. तिने शिट्टी हातात घेतली.

सामना एक-एक बरोबरीत. शेवटची काही मिनिटे. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन एकटाच गोलच्या चौकटीत घुसला, पुढे फक्त गोलकीपर. मागून फुफीच्या मुलाने त्याचा शर्ट धरून ओढले. शिट्टी वाजली. पेनल्टी आणि लाल कार्ड.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. गोलची उघड संधी हिरावली का हे ठरवताना चार गोष्टी पाहायच्या: गोलपासूनचे अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता आणि आड असलेले बचावपटू. चेंडूसाठी प्रामाणिकपणे पाय घातला असता तर पेनल्टीबरोबर पिवळ्या कार्डावर भागले असते. शर्ट ओढण्याला ती सवलत नाही. पेनल्टीवर गोल झाला, आमचा मोहल्ला हरला.

त्या रात्री नणंदेचा फोन आला. "भाभी, घरच्या पोराला सगळ्यांसमोर बाहेर काढले. पिवळे दाखवून चालले नसते का?" पुढच्या महिन्यात घरात एक निकाह होता. तिथे त्या आमच्याजवळ बसल्या नाहीत. आणि खरे सांगायचे तर त्या फोननंतर आम्हीही लेकीला तेच विचारले, "चालले नसते का गं?"

ती म्हणाली, "अम्मी, तुम्ही वर्गात काझी शुरैहची गोष्ट सांगता ना?"

ती गोष्ट वाचकांना माहीत असेल. रिवायत अशी की हजरत अली (रजि.) खलिफा असताना त्यांचे हरवलेले चिलखत एका यहुदी माणसाकडे दिसले. प्रकरण काझी शुरैह यांच्यापुढे गेले. काझींनी खलिफांनाच साक्षीदार मागितले. पुरेशी साक्ष उभी राहिली नाही आणि निकाल खलिफांच्या विरोधात गेला. तो न्याय पाहून त्या माणसाने स्वतःच खरे काय ते सांगितले आणि इस्लाम स्वीकारला. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत न्यायावर ठाम राहण्याचा जो हुकूम आहे, मग तो स्वतःच्या किंवा जवळच्या नातलगांच्या विरोधात का जाईना, तो शिकवताना आम्ही दरवर्षी हीच गोष्ट सांगतो. आणि घरात वेळ आली तेव्हा आम्हीच पिवळे कार्ड मागत होतो. आम्हाला लाज वाटली.

पण गोष्ट इथे संपली नाही. काही दिवसांनी लेकीने तो सामना तिला शिकवणाऱ्या अनुभवी रेफरींना सांगितला. तिला वाटले, शाबासकी मिळेल. त्यांनी विचारले, "निकाल बरोबर आहे. पण मुळात तू तो सामना घेतलास का? फुफीचा मुलगा मैदानात असताना?" ती म्हणाली, "दुसरे कुणी नव्हते." ते म्हणाले, "मग दोन्ही संघांच्या कप्तानांना आधी सांगायचे होते. तुझा निकाल त्याच्या बाजूने गेला असता तर समोरच्यांनी विश्वास ठेवला असता का? आणि विरुद्ध गेला, तरी तुझ्या घरच्यांनी ठेवला का?"

त्या रात्री आम्ही दोघी गोष्ट पुन्हा घेऊन बसलो. वीस वर्षे आम्ही खलिफा हरले यावर भर देत आलो. त्याच गोष्टीचा दुसरा तुकडा घाईत सांगून टाकत होतो. हजरत अलींनी साक्षीसाठी आपले चिरंजीव हजरत हसन (रजि.) यांना उभे केले होते. काझींनी ती साक्ष घेतली नाही, कारण बापासाठी मुलाची साक्ष चालत नाही. हजरत हसन खोटे बोलतील असे काझींना वाटले असेल का? मुळीच नाही. पण न्याय करणारा नुसता प्रामाणिक असून भागत नाही, समोरच्याला त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागाही राहू नये. नातलगाविरुद्ध निकाल देण्याचे धैर्य मोठेच. त्याच्या आधीची पायरी म्हणजे नातलगाचा निवाडा आपल्या हाती न घेणे. लेकीचे कार्ड बरोबर होते, शिट्टी हातात घेणे चुकले होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे आम्हाला चाळिशी ओलांडल्यावर कळले.

आम्ही नणंदेला फोन केला. निकालाबद्दल माफी मागितली नाही, ती मागण्यासारखी नव्हती. एवढेच म्हटले, "आपा, तिने तो सामना घ्यायलाच नको होता. तुमच्या पोराची आणि तिची, दोघांचीही कुचंबणा झाली." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "शर्ट मात्र त्याने ओढलाच होता, भाभी. व्हिडिओत दिसते."

पालकांसाठी चार गोष्टी

ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाऊ पाहते त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातले थोडे.

पहिली गोष्ट, यात पैसा फार नाही. मानधनातून प्रवास, डबा आणि बूट निघाले तरी पुष्कळ. म्हणून शिक्षण किंवा नोकरी सोडून यामागे लागू नये. आमच्या लेकीचे बी.कॉम. पूर्ण झाले आहे, ती दिवसभर एका कार्यालयात हिशेबाचे काम करते.

दुसरी, प्रवासाचा विचार आधी करावा. आज सामना मुलुंडला, पुढच्या रविवारी बोरिवलीला, त्यापुढे बांद्र्याला किंवा कुपरेजला. जोगेश्वरीहून मुलुंड म्हणजे आधी अंधेरी, मग मेट्रोने घाटकोपर, तिथून मध्य रेल्वे. सुरुवातीचे वर्षभर तिच्या अब्बांनी सोबत केली. आता तिच्या बरोबरीच्या दोन मुली रेफरी आहेत, तिघी एकत्र जातात. बॅगेत एक पातळ जानमाज असते, जुहर-असरची वेळ मैदानाच्या कडेला निभावते.

तिसरी, कडेला उभे राहणाऱ्या पालकांविषयी. मुलांच्या सामन्यात रेफरीला सर्वांत जास्त शिव्या खेळाडूंकडून मिळत नाहीत, पालकांकडून मिळतात. दहा वर्षांच्या मुलांच्या एका सामन्यात एका गृहस्थाने आमच्या लेकीला जे ऐकवले ते इथे लिहिता येणार नाही. त्यांचा मुलगा दोन हातांवर उभा राहून ते ऐकत होता. त्या क्षणी तो काय शिकला असेल? आपल्यापैकी प्रत्येकाने पुढच्या शालेय सामन्याला जाताना हे आठवावे.

चौथी, नापास होण्याची तयारी ठेवावी. घरच्यांनीही.

पुढची चाचणी पावसाळा संपल्यावर आहे. परवा सरावात तिने चाळीसपैकी अडतीस फेऱ्या ताकीद न घेता काढल्या. पुढे काय होते ते अल्लाहच्या हाती. पण बकरी ईदला एक गोष्ट घडली ती सांगून थांबतो. फुफीचा मुलगा हिस्सा घेऊन घरी आला. शीरखुर्मा खाता खाता म्हणाला, "आपा, आमची मैत्रीपूर्ण मॅच आहे रविवारी, रेफरी नाही. तू येशील? आता मी शर्ट ओढणार नाही."

सगळे हसले. लेकही हसली. मग तिने पिशवीतून वही काढली, दुसऱ्या एका रेफरीचा नंबर लिहून दिला आणि म्हणाली, "तुझी मॅच मी कधीच घेणार नाही. बघायला मात्र येईन."